नळीवरचं नाव

बाबांच्या पायाचा अंगठा मोडला तो त्यांच्या स्वतःच्या रायफलीनं, आणि तोही गोळी न सुटता. रविवारी सकाळी खुर्चीत बसून ते नेहमीसारखी ती पुसत होते. उठताना हातातून निसटली आणि दस्ता सरळ पायावर आला. वय चौऱ्याऐंशी, आई गेल्यापासून विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटेच. शेजारच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी कर्वेनगरला घरी पेपर तपासत बसले होते. सगळं शहर ओलांडून पोचले तर बाबांनी पाय बर्फाच्या बादलीत बुडवून ठेवलेला, आणि रायफल कपाटात कुलूपबंद. आधी रायफल आत ठेवली, मग बर्फ काढला. हे त्यांनीच सांगितलं, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

"आता द्या ती कुणाला तरी," मी म्हटलं. "नाहीतर जमा करून टाका."

"हलकी करून घेऊ."

"म्हणजे?"

"नळी बदलायची. निम्मं वजन तिचंच आहे. तशीही ती झिजलीय."

मी वाद घातला नाही. पायाचा एक्स-रे काढायचा होता.

ती रायफल आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. बाबांनी ती एकदाही झाडलेली मी पाहिली नाही. त्यांनी घेतली तेव्हा शिकारबंदी येऊन काही वर्षं झाली होती. मूळची ती आमच्या गावच्या इनामदारांची. इनामदार वारले, मुलानं ती विकायला काढली आणि पाटबंधारे खात्यात इंजिनिअर असलेल्या बाबांनी ती घेतली. धरणाच्या कामावर जंगलात राहायला होते, म्हणून परवानाही मिळाला. लांब, जाड नळी आणि तिच्यावर चांदीच्या तारेनं कोरलेलं इनामदारांचं संपूर्ण नाव, मागेपुढे बिरुदं लावून. माझे आजोबा याच इनामदारांच्या शिकारीत हाका घालायचे. डबे बडवत, ओरडत रान उठवायचं आणि जनावर साहेबांच्या बंदुकीसमोर आणून द्यायचं. ते काम आमच्या वस्तीचं ठरलेलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि ते काम सोडलं. ते एका पायानं लंगडत. कड्यावरून पडले होते, असं मला लहानपणी सांगितलं होतं.

मला वाटायचं, बाबांनी ती हौसेनं घेतली. ज्या घराच्या अंगणात उभं राहायची चोरी, त्या घरातली वस्तू आपल्या कपाटात असावी, एवढंच. त्या हौसेची मला जरा लाजही वाटायची. माझ्या मित्रमैत्रिणींच्या घरी पुस्तकं होती. आमच्याही घरी होती, पण पाहुणे आले की बाबा दाखवायचे रायफल.

पाय बरा झाल्यावर आम्ही कसबा पेठेत गेलो. बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर तिथे आहेत. त्यांचं दुकान इतकं अरुंद की आम्ही दोघं आत शिरल्यावर त्यांना उभं राहता येईना. त्यांनी बोल्ट काढला, नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली.

"आतले आटे कुठे गेले, साहेब?" ते म्हणाले. "हिच्यातून गोळी सुटली तर गोळीलाच कळणार नाही कुठं जायचं ते."

आटे म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचा, त्यांच्यामुळे गोळी फिरत फिरत सरळ जाते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मग बाबांकडे वळले. नवी नळी बारीक बसवता येईल, दोन इंचांनी आखूडही, रायफल किलोभर हलकी होईल. पण हलकी बंदूक खांद्याला जास्त हाणते.

"झाडायची कुणाला आहे?" बाबा म्हणाले.

"मग बदलता कशाला? या नावालाच तर किंमत आहे. हौशी माणूस नुसत्या नावासाठी घेऊन जाईल."

"नाव जायला हवं," बाबा म्हणाले.

तेव्हा मी ते ऐकलं, पण माझं लक्ष गल्लीत लावलेल्या स्कूटरकडे होतं.

नळी बदलायची तर आधी परवानगी लागते. त्या अर्जासाठी मी पोलीस आयुक्तालयात चार खेपा घातल्या, एकदा बाबांनाही घेऊन. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्जावरचं आडनाव वाचलं, मान वर करून बाबांकडे पाहिलं आणि पुन्हा आडनाव वाचलं.

"शिकारीची रायफल? तुमच्याकडे कशी?"

"विकत घेतली."

"तसं नाही हो. म्हणजे, कुठून आली?"

बाबांनी परवान्याचं जुनं पुस्तक पुढे सरकवलं. "आत लिहिलंय. आपण वाचू शकाल." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. मी मात्र हसून सावरून घेतलं. मला सगळीकडे हसून सावरून घ्यायची सवय आहे. परवानगी मिळाली.

रायफल कारागिरांकडे देऊन पंधरा दिवस झाले असतील. एका शनिवारी मी बाबांकडे असताना बेल वाजली. दारात चाळिशीतला एक माणूस, पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा. त्यानं ओळख सांगितली. इनामदारांचा नातू. डोंगराखालच्या त्यांच्या जमिनीवर त्यानं आता रिसॉर्ट काढलंय. कसब्यातले कारागीर त्यांच्या घरच्याही बंदुका सांभाळायचे, नळी बदलतेय हे त्यांच्याकडून त्याला कळलं होतं.

तो आत आला आणि वाकून बाबांच्या पाया पडला. बाबांनी पाय मागे घेतले.

"काका, तुमच्या वडिलांचं आमच्या घराशी फार जिव्हाळ्याचं नातं होतं," तो म्हणाला. "वडील सांगायचे, आजोबा नेहमी म्हणत, असा हाकारी पुन्हा मिळाला नाही."

मी चहा ठेवायला आत गेले. ओट्यापाशी उभं राहून मला सगळं ऐकू येत होतं. तो रिसॉर्टबद्दल बोलत होता. जेवणघराच्या भिंतीवर त्याला घराण्याचा इतिहास मांडायचा होता. फोटो होते, शिंगं होती, बंदूक तेवढी नव्हती. रायफल तुमचीच, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण जुनी नळी तुम्ही टाकूनच देणार. ती निकामी करून घ्यायला आमची हरकत नाही. नावापुरती हवी.

बाबा काहीच बोलेनात. मी चहा घेऊन बाहेर आले. समोरचा माणूस अवघडून बसलेला. मला तो अवघडलेपणा सहन होईना.

"देऊन टाकू या ना बाबा," मी म्हटलं. "आपल्याला काय करायचीय ती?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे न बघता, मलाच सांगायला लागले.

"माझा बाप कड्यावरून पडला नव्हता. हाक्यात होता. रानडुक्कर एका बाजूला निघालं आणि यांच्या आजोबांनी दुसरीकडे गोळी घातली. पोटरीतून गेली. चौघांनी बाजेवर घालून घरी आणला. तिसऱ्या दिवशी ज्वारीचं पोतं आलं आणि निरोप आला, विचारलं तर कड्यावरून पडला म्हणायचं. आम्ही म्हटलं. पुढे सगळं आयुष्य म्हणत राहिलो. तुलाही तेच सांगितलं."

मी कप हातात धरून तशीच उभी. चव्वेचाळीस वर्षांची मी, मुलांना इतिहास शिकवते.

तो माणूस म्हणाला, "हे आमच्या घरात कधी ऐकलं नाही. काही अपघात झाला असेल. आजोबांनी औषधपाणी नक्की केलं असणार, त्यांचा स्वभावच तसा होता."

"पोतं अर्धं होतं," बाबा म्हणाले आणि उठून आत गेले.

मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले. खरं तर दार लावून घ्यायचं होतं. तो चपला घालत म्हणाला, "सॉरी ताई, काकांना त्रास द्यायचा नव्हता. त्यांचं वय झालंय. तुम्ही बघा ना जरा." आणि मी म्हणाले, "हो, बघते. समजावते मी त्यांना." का म्हणाले? पाहुणा दारातून जाताना माणूस म्हणतो तसं. तो हात जोडून जिना उतरला. पेढ्यांचा डबा टेबलावरच राहिला होता, तो मी कचऱ्यात टाकला, आणि तेवढ्यावर आपण फार काही केलं असं मला वाटलं.

आत बाबा पलंगावर बसले होते. मी शेजारी बसले.

"म्हणून घेतलीत?"

"त्यांच्या भिंतीवर राहू नये म्हणून घेतली," ते म्हणाले. "वितळवायची होती. पण परवान्यावरची वस्तू अशी वितळवता येत नाही. मग राहिली. आता नळी तरी भट्टीत जाऊ दे. मी समोर उभा राहणार आहे."

रायफल तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. रिक्षा पेठेच्या तोंडाशी सोडून पुढं चालत गेलो. ते माझा हात न धरता चालले.

कारागिरांनी रायफल फडक्यातून काढून त्यांच्या हातात दिली. नवी नळी काळी, बारीक, कोरी. बाबांनी ती उचलली, खांद्याला लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"छान झालीय," ते म्हणाले. "जुनी कुठाय?"

कारागीर माझ्याकडे बघायला लागले.

"ती तर इनामदारांचे नातू घेऊन गेले. मी रीतसर कापली, भोक बुजवलं, निकामी केल्याची नोंद केली. मग नुसतं लोखंडच की ते. ते म्हणाले, मॅडमशी बोलणं झालंय, त्या समजावतायत साहेबांना. मला वाटलं, घरातलं ठरलं."

बाबांनी रायफल खाली घेतली. मला वाटलं आता ते मला विचारतील. त्यांनी विचारलं नाही. कारागिरांना म्हणाले, "फडकं राहू दे, मी आणलंय," आणि पिशवीतून घरचं फडकं काढून रायफल गुंडाळायला लागले. फडक्याचं टोक दोनदा निसटलं. मी पुढं झाले तर म्हणाले, "येतं मला."

कारागिरांकडून नंबर घेऊन मी त्याच दिवशी त्या नातवाला फोन केला. तो फार गोड बोलला. गैरसमज झाला असेल तर माफ करा, पण आता ती भिंतीवर बसवलीसुद्धा, खाली छोटी पाटी लावलीय, तुमच्या आजोबांचाही उल्लेख केलाय. लगेच फोटो पाठवला, त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र. सागवानी फळीवर ती नळी, चांदीची अक्षरं घासून लख्ख केलेली. पाटीवर लिहिलं होतं, की ही नळी घराण्याच्या एका निष्ठावंत हाकाऱ्याच्या कुटुंबानं आदरपूर्वक परत केली.

मी चिडून लांबलचक उत्तर लिहिलं. आठवड्यानं नवा फोटो आला. 'निष्ठावंत' काढून 'विश्वासू' केलं होतं.

मग मी स्वतः गेले. जेवणघरात लोक मिसळ खात होते, एका टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस. मालक बाहेरगावी गेले होते. मी व्यवस्थापकाला म्हटलं, ही पाटी खोटी आहे, काढा. तो चांगला मुलगा होता, गोंधळून गेला. "मॅडम, मी काढली तर माझी नोकरी जाईल," म्हणाला. मी टेबलांकडे वळून मोठ्यानं काही बोलणार होते. बोलायचं काय ते बसमध्ये जुळवलंही होतं. पण वाढदिवसाच्या टेबलावरच्या एका आजीबाई माझ्याकडे बघून हसल्या, आणि मी हसले. मग बाहेर आले. ती पाटी अजून तिथंच आहे.

बाबांना हे सगळं मीच सांगितलं, महिन्याभरानं. त्यांनी पाटी वाचून दाखवायला लावली. दोनदा. माझ्या अंदाजापेक्षा ते शांत होते. त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला आणि आजोबांचं नाव, गोळी कुठून शिरली, कुठून निघाली, बाज कुणाकुणी उचलली, हे सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं, रजिस्टर पत्रानं पाठवलं. पोच आली, उत्तर आलं नाही.

एका संध्याकाळी त्यांचं जेवण वाढता वाढता मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. मी त्याला दारात तसं म्हणायला नको होतं."

त्यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली.

"तू सभ्यपणानं वागलीस," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर कमी पडू नये म्हणून मीच शिकवलं ना तुला तसं."

मग त्यांनी आमटी थोडी आणखी वाढायला सांगितली. मी वाढली.