इनंडेशन म्हणजे आत आलेली लाट

“पूर न्हाय आला साहेब. खोटं कशाला सांगू? पानी आलं,” रंजनाताई म्हणाल्या, आणि मी कपाळाला हात लावला.

मी विम्याचा सर्व्हेअर. नुकसान झालं की जाऊन पाहायचं, कंपनीला रिपोर्ट द्यायचा. इंद्रलोक नावाच्या वस्तीजवळ तळमजल्यावरच्या गाळ्यात ताई शाळांचे युनिफॉर्म शिवायच्या. मशिनांच्या मोटारी पाण्यात गेल्या होत्या. क्लेम पास झाला नाही तर गाळ्याला कुलूप लागणार, हे त्यांनी न सांगताही दिसत होतं.

बाहेर कडक ऊन. रस्ता कोरडा. आत भिंतीवर मात्र गुडघ्याएवढ्या उंचीवर पांढरी रेघ. बोट लावून चाखलं तर मीठ.

ऑफिसला फोन केला. मॅनेजर म्हणाले, “पाऊस नाही, नदी नाही, मग फ्लड कसला? बाई स्वतःच नाही म्हणतायत. रिजेक्ट करा.”

“सर, पॉलिसीत फ्लडच्या पुढे इनंडेशन पण लिहिलंय.”

“तेच ते. वकिलांना एका शब्दात भागत नाही.”

मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं. तिथेच बसून मोबाइलवर शब्द शोधला. मूळ लॅटिन. उंडा म्हणजे लाट. लाटेसारखं पाणी आत शिरून जागा व्यापतं, ते इनंडेशन. त्यात पावसाचं नावही नाही.

तेवढ्यात मोरीतून आवाज आला, कुणी घोट घेतल्यासारखा. जाळीतून पाणी वर आलं, लादीवर पसरलं, मागे गेलं. पुन्हा आलं, जरा पुढे. पुन्हा मागे. समुद्र कुठल्या कुठे, आणि लाट इथे, ट्यूबलाइटखाली.

ताई शांतपणे कापडाचे तागे उचलत होत्या. “अमावास्येचं उधाण हाय. हितं आमचं मिठागर व्हतं ना. तवा बांध उघडून आमीच त्याला आत घ्यायचो. आता बिल्डिंगा झाल्या, पन ते वाट इसरलं न्हाय.”

मी पाय वर घेऊन व्हिडिओ काढला. जवळच्या खाडीतून गटारात, गटारातून मोरीत, असा पाण्याचा रस्ता रिपोर्टमध्ये लिहिला, शब्दाच्या अर्थासकट. मॅनेजरांनी व्हिडिओ पाहिला. “तो घोटांचा आवाज बंद करा जरा,” एवढंच म्हणाले. क्लेम पास झाला. मशिनं पुन्हा सुरू झाली.

पॉलिसीतला एकही शब्द उगाच नसतो, हे मी शिकलो. कंपनीही शिकली. ताईंच्या पुढच्या पॉलिसीतून तिने इनंडेशन काढून टाकलं. पाण्याला मात्र हे अजून कुणी कळवलेलं नाही.