आत्याबाई कोणाच्या चुलीवरच्या?

साठ सालानंतरची गोष्ट, बार्शीटाकळीची. मी नवी सून होते, आणि त्याच वर्षी माझा नवरा आणि थोरले दीर, दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या.

तेव्हा मेडिक्लेम वगैरे कुठला? गावातल्या खाजगी डॉक्टरांकडे प्रत्येक घर सुगीनंतर ज्वारी द्यायचं, चुलीवर जेवणारी माणसं मोजून. मग वर्षभर त्या घरचं औषध, सुई, घरी येऊन तपासणं, सगळं त्यात... मोतीबिंदू किंवा मोठं ऑपरेशन निघालं की मात्र अकोला गाठायचं, आणि तो खर्च आपला आपण.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, एक महिना थोरल्या जाऊबाईंकडे जेवायच्या, एक महिना माझ्याकडे. माझ्याकडच्या महिन्यात त्यांना खोकला लागला. अंगात ताप, श्वास घेताना छाती वाजायची... आणि डॉक्टरांचं नाव काही काढू देईनात. आल्याचा काढा आणि ओव्याचा शेक, बस.

मला असा राग यायचा. जाऊबाईंच्या घरून डॉक्टरांकडे बऱ्या गेल्या असत्या, माझ्याच घरून जायला काय होतं? आणि भीतीही वाटायची, खोटं कशाला बोलू... माझ्याकडे असताना काही बरंवाईट झालं तर? शेवटी एका सकाळी भांडी आपटत विचारलंच, "आत्याबाई, काहून जात नाई तुमी?"

त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी ना धड इकडची, ना तिकडची. जवारी देतानी मले कोनं मोजलं असन? फुकटची दवाई मले नाई पाहिजे."

मी गारच पडले. आम्ही तर त्यांना मोजलं होतं. तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "मन राखाले बोलून राहिली तू."

मग नवऱ्याला पिटाळलं डॉक्टरांना आणायला. त्यांनी छाती तपासली, न्यूमोनिया होतोय म्हणाले, सुई भरली. आत्याबाईंनी हात आखडून घेतला. "आधी सांगा, मी कोनाच्या घरात हाव?"

डॉक्टर सुई हातात धरून थांबले. "माय, दोन्ही घरात. थोरल्यानं बी तुमाले मोजलं, धाकट्यानं बी. मी म्हटलं, एकानंच द्या, तं दोघं बी आयकेनात."

इतके दिवस खोकून हैराण झाल्या, तरी आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते तेव्हा आलं... मग हात पुढे केला. बऱ्या झाल्या, पुढे कितीतरी वर्षं दोन्ही घरी जेवल्या.

आज मुलं आईवडिलांसाठी पॉलिसी काढतात, छान करतात. त्यात कशाचा खर्च मिळतो, कशाचा नाही, ते त्यांच्याजवळ बसून सांगा जरा... निदान 'तुम्ही यात आहात', एवढं तरी. दोन घरांनी मोजलेल्या आमच्या आत्याबाई स्वतःला कुठेच धरत नव्हत्या, कारण ज्वारी देताना त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.