कपाटातली ज्वारी आणि कुलूपबंद खोली

कलशेट्टी मॅडमची आणि माझी ओळख त्यांच्या रागावण्यातून झाली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी ज्वारीची कोवळी रोपं भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढली, त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, एकेक तपासली आणि वर्गात ठणकावून सांगितलं, "यांचा एकमेकांशी काही संबंध नाही." डॉ. महादेवी कलशेट्टी मागच्या बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तम्मा, तू घर पाडलंस, माणसं रस्त्यावर आणलीस, आणि आता म्हणतोस ही एका घरातली नव्हतीच की!" वर्ग हसला. मॅडम मूळच्या कर्नाटक सीमेजवळच्या दुधनीच्या. रागावतानाही कन्नडमधून 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या, त्यामुळे उलट उत्तर देता येत नसे.

कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक आहे. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला: मग ज्वारी स्वतः कशी जगते? ते विषारी द्रव्य घडताना मध्येच एक पदार्थ तयार होतो. तो पेशीत मोकळा सुटला तर फुटून सायनाइड होईल. म्हणून एक विकर तो शेजारच्या विकराच्या थेट हाती देतं आणि ते त्याला साखर जोडून निर्धोक करतं; जनावराने पान चावलं की मगच विष सुटतं. पण या शेजाऱ्यांची पकड सैल असते. रोप चिरडून पातळ केलं, उष्णता लागली, की ती सुटते. आपल्या मालदांडी ज्वारीत ही देवघेव कितपत थेट आहे, हे मॅडमना पाहायचं आहे. मध्येच तो पदार्थ लुबाडणारं एक विकर घालायचं. त्याच्या हाती काही लागलं नाही, तर देवघेव थेट.

माझी आई दवाखान्यात होती, ते तीन दिवस माझी रोपं मॅडमनी सांभाळली. वहीत नोंदी केल्या आणि प्रत्येक नोंदीखाली स्वतःची सही. "रोपं तुझी, पण पाहिलं मी," एवढंच म्हणाल्या. मी पुढे प्रयोगशाळा सोडून व्यासपीठांच्या नादी लागलो. खोटं बोलायची वेळ आली की त्या सह्या आठवतात.

निवृत्तीनंतर मॅडमनी घरचं कपाट रिकामं केलं. साड्या खुर्चीवर आल्या, आत अंधारात ज्वारी उगवली. पण रोपांचा रस थंड ठेवून गरगर फिरवत वेगळा करणारं सेंट्रिफ्यूज कॉलेजात, आणि विद्यार्थी नाहीत म्हणून ती खोली बंद. गेल्या मे महिन्यात बर्फाच्या डब्यात रोपं घेऊन आम्ही रिक्षाने गेलो.

शिपाई म्हणाला, "किल्ली सायबांकडं हाय. सायब पुण्याला गेल्यात."

"कधी येणार?" मॅडमनी विचारलं.

"सोमवारी बगा."

"तोवर हे टिकत नाही की रे."

"मग बर्फ लई घाला की!"

मॅडम खळखळून हसल्या. मला हसू आलं नाही. घरी येऊन त्यांनी वहीत लिहिलं, 'प्रयोग झाला नाही', आणि नवी ज्वारी भिजत घातली. असं तीनदा झालं.

आता त्याच कॉलेजच्या सभागृहात त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार आहे. मानपत्रात 'आजन्म संशोधक' छापलंय, आणि संशोधनाच्या खोलीला कुलूप! याची लाज मलाही वाटायला हवी. मी सत्कार समितीत आहे आणि तीन बैठका गप्प बसलो. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "भांडू नको. सकाळचे दोन तास पुरेत मला." दोन तास! एवढंही आपण देऊ शकत नसू, तर कसली शाल आणि कसला नारळ? चौथ्या बैठकीत मी बोललो: ती खोली रोज सकाळी दोन तास उघडा. कॉलेजचं उत्तर अजून आलेलं नाही. न आल्यास सत्काराच्या दिवशी माझं भाषण सभागृहात नाही, त्या बंद दारासमोर होईल. ऐकायला तुम्ही सगळे या.

मॅडम, तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. तुमचा प्रयोग होवो. आणि निकाल तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध लागला, तरी त्याखाली सही करताना तुमचा हात असाच स्थिर राहो.