घंटाबाईचं ओढ्यापलीकडचं घर

घंटाबाईला गल्लीत कुणी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. शाळेत ती शिपाईण होती आणि घंटा द्यायचं काम तिचं. तिच्या घंटेवर गल्लीतल्या दोन पिढ्या तोंडात घास घेऊन धावत सुटल्या, आणि बायकांनी घड्याळाकडे न बघता दूध उतरवलं. नवरा लवकर गेला. एकुलती मुलगी लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली, ती फोनवर भेटायची. नोकरी संपल्यावर घंटाबाईच्या आयुष्यात एक देव उरला आणि एक भिंत.

भिंत म्हणजे तिची आणि शिवणवालीची सामाईक भिंत. शिवणवाली अख्ख्या गल्लीचे कपडे शिवायची आणि त्याच सुईनं अख्ख्या गल्लीला टोचायची. सकाळी जाग आली की घंटाबाई उलथन्यानं भिंतीवर ठोके द्यायची. पलीकडून कात्रीच्या मुठीनं उत्तर यायचं. अर्थ एवढाच, की आहे गं, जिवंत आहे, चहा टाक. दोघी विधवा, दोघी एकट्या, पण भिंतीला कान असतात असं लोक म्हणतात, त्यांच्या भिंतीला तोंडसुद्धा होतं.

भूकंप आला तेव्हा नळाला पाणी आलं होतं, म्हणून अख्खी गल्ली घागरी घेऊन रांगेत उभी होती. जन्मभर ज्या पाण्यावरून माणसं भांडली, त्याच पाण्यानं त्यांना वाचवलं. देवाच्या मनात काय असतं ते देवालाच माहीत. घरं मात्र सगळी गेली. धूळ खाली बसली तेव्हा शिवणवालीनं घंटाबाईचा हात धरला होता आणि म्हणत होती, "आपली भिंत गेली गं."

गल्ली शाळेच्या मैदानावर तंबूत राहायला गेली. काही दिवसांनी देशाचे मोठे साहेब हेलिकॉप्टरनं आले. त्यांनी कर्ण्यावरून सांगितलं, की देश पुन्हा उभा करू, कोणीही मागे राहणार नाही. टाळ्या झाल्या. हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं तंबू उडाले, ते धरायला लोक धावले, त्यामुळे भाषणाचा शेवट कुणी ऐकला नाही. मग पुनर्बांधणीची कचेरी आली. पत्र्याची एक लांबट खोली, एक खिडकी, आणि खिडकीत चष्मेवाला कारकून. त्यानं सांगितलं, प्रत्येक माणसाशी बोलत बसायला सरकारला तोंड एकच आहे. प्रत्येक गल्लीनं एक प्रमुख निवडावा.

झालं. किराणा दुकानदार म्हणाला, "मी होतो, मला हिशेब कळतो." ट्रकवाला म्हणाला, "तुला हिशेब कळतो म्हणूनच तू नको." दोघांची जुंपली. एकमेकांचं सगळं काढून झालं, बापजाद्यांपर्यंत गाडी गेली. शेवटी शिवणवालीच म्हणाली, "अरे, घंटाबाईला करा की! तिचं कुणाशी वाकडं नाही. आणि ती उभी राहिली की तुम्ही अजूनही खोड्या करायचं थांबता."

सगळे हसले आणि घंटाबाई प्रमुख झाली. त्या हसण्यात तीही होती. गल्लीत मिसळून हसण्याची ती तिची जवळजवळ शेवटचीच वेळ.

काम सोपं नव्हतं. कचेरीचा नियम असा, की पडलेल्या घराचा अर्ज घराच्या दारावरची नंबराची पाटी दाखवल्याशिवाय घ्यायचा नाही.

"अहो, दार कुठं आहे पाटीला?" घंटाबाईनं खिडकीत विचारलं.

"दार नको, पाटी हवी," कारकून म्हणाला.

"पाटी ढिगाऱ्यात आहे."

"मग ढिगारा उपसा."

"ढिगारा उपसायचा नाही असा फलक तुम्हीच लावलाय."

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तो फलक दुसऱ्या खात्याचा आहे, बाई."

मग घंटाबाई ढिगाऱ्यात उतरली. दुसऱ्या खात्याच्या पहारेकऱ्याला तिनं गोड बोलून, कधी डोळे वटारून गप्प केलं. तोही तिच्याच शाळेतला निघाला. हातमोजे नव्हते, नखं गेली. पण एकेक पाटी वर आली. वाकलेली, पोपडे उडालेली, पण नंबर दिसणारी. ज्याची पाटी सापडेल तो माणूस ती पदरानं, बाहीनं पुसायचा आणि तान्हं पोर धरावं तशी धरायचा.

कचेरीच्या पहिल्या साहेबांनी अर्धे अर्ज पाहिले आणि त्यांची बदली झाली. दुसरे आले, त्यांना पहिल्यांचं काहीच पटलं नाही, सगळं पुन्हा. तंबूतले लोक कचेरीवर चिडू शकत नव्हते, कारण कचेरी संध्याकाळी कुलूप लावून निघून जायची. घंटाबाई मात्र तिथंच, त्यांच्यातच राहायची. मग चिडायचं कुणावर? ती पाण्याच्या रांगेत आली की गप्पा बंद पडायच्या. मागून कुणीतरी म्हणायचं, "जाऊ द्या पुढं, सरकार आलं." ती पुढं जायची नाही, आपल्या जागीच उभी राहायची, पण तिच्या मागं आणि पुढं हातभर जागा मोकळी सुटायची.

एक दिवस शिवणवाली तिच्या तंबूत आली. थंडीनं तिचे गुडघे धरले होते.

"एवढं कर गं, माझा अर्ज आधी सरकव. तुझ्या शब्दाला किंमत आहे तिथं."

"तुझा म्हणून आधी सरकवला, तर बाकीच्यांना तोंड कसं दाखवू?"

"मी बाकीच्यांतली झाले होय?"

"तसं नाही गं..."

"कसंही असो. तुला मीच प्रमुख केलं, माझंच चुकलं," म्हणून शिवणवाली गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि गेली. त्यानंतर तंबूच्या कापडावर सकाळी कुणी टिचकीसुद्धा मारली नाही. घंटाबाई पहाटे पडल्या पडल्या देवाचं नाव घ्यायची आणि कान कापडाकडे लावायची. कापड वाऱ्यानं हलायचं, एवढंच.

अर्ज तिनं गल्लीच्या तोंडापासून घरांच्या ओळीनं लावले. तिचं घर शिवणवालीच्या अलीकडचं, पण आपला अर्ज आला तेव्हा तिनं तो उचलून गठ्ठ्याच्या तळाशी घातला. यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलंच नाही. ज्या घरात ती वाढली, ज्या घरात नांदली, तिथं पंगत वाढणाऱ्या बाईनं शेवटी जेवायला बसायचं असतं. आधी पोरं, मग पुरुष, मग म्हातारी, मग आपण. कुणी शिकवत नाही, अंगात मुरतं. घंटाबाई आता गल्लीला वाढत होती.

तिसऱ्या साहेब म्हणजे एक तरुण मॅडम. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलाखाली चिखलाचे बूट. त्यांनी कुणाचं काही रद्द केलं नाही. होतं त्यावर काम पुढं ढकललं आणि टेकडीखाली घरं उभी राहिली. घंटाबाईला त्या मावशी म्हणायच्या. चाव्या वाटायला थोडे दिवस उरले असताना त्यांनी तिला आत बोलावून खुर्ची दिली. कचेरीत खुर्ची मिळाली की बातमी वाईट असते हे घंटाबाईला एव्हाना कळलं होतं.

"मावशी, तुमची गल्ली सगळी एकत्र एका वसाहतीत बसत होती. पण तिथल्या एका जागेवर पाण्याची टाकी आली. एक घर कमी पडलं. नियमानं शेवटचा अर्ज ओढ्यापलीकडच्या वसाहतीत जातो." मॅडमनी कागद उलटून पाहिला. "शेवटचा तुमचा आहे. असा कसा शेवटचा?"

"वाढणारी आधी जेवते का, मॅडम?"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "माझी आईपण शेवटी जेवायची. पण स्वतःचं ताट आधी वाढून झाकून ठेवायची."

घंटाबाईला हसू आलं. आपण झाकून ठेवायला विसरलो.

"अजून वेळ गेली नाही," मॅडम म्हणाल्या. "गल्लीतलं कुणी अदलाबदल करायला तयार असेल तर दोघं मिळून या, मी लगेच करून देते. पण चाव्या वाटायच्या आत. एकदा चाव्या दिल्या की घर बदलायला वरून बंदी आहे. आणि माझीही बदली आलीय. पुढच्या साहेबांचं मी सांगू शकत नाही. तुम्ही प्रमुख आहात, विचारा सगळ्यांना."

विचारायचं. एवढंच. घंटाबाईनं चाव्यांच्या आदल्या संध्याकाळी गल्लीला मैदानात बोलावलं. माणसं आली, कडेकडेनं उभी राहिली. शिवणवाली मागं दगडावर बसून दोरा ओवत होती. हिच्याशी पुन्हा भिंत लागणार की नाही, ते आता आपल्याच तोंडावर होतं. घंटाबाई मनात वाक्य जुळवून आली होती. 'माझं घर ओढ्यापलीकडे गेलंय. कुणी बदलून देईल का?' लहान पोरालाही बोलता येईल असं वाक्य.

तिनं तोंड उघडलं आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ते बघणं तिच्या ओळखीचं होतं. आता ही काय मागते, आता हिला काय हवंय. दुकानदारानं हाताची घडी घातली. ट्रकवाला जमिनीकडे बघत होता.

"चाव्या..." घंटाबाई म्हणाली. घसा साफ केला. "चाव्या सकाळी मिळतील. येताना आपापली पाटी घेऊन या. विसरू नका."

"एवढ्यासाठी बोलावलं होय?" दुकानदार म्हणाला. लोक पांगले. वाक्य तिच्या तोंडातच राहिलं, गोळी न विरघळता जिभेवर राहावी तसं.

चाव्यांच्या दिवशी तिनं एकेकाला हात धरून खिडकीशी नेलं, कुणाचा अंगठा कुठं, कुणाची सही कुठं ते दाखवलं. शेवटी तिची चावी निघाली तेव्हा दुकानदारानं ती कुठली ते पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "बघा! बाईंनी पलीकडे मोठ्या रस्त्याकडेला घर पटकावलं. साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसल्याचं फळ."

शिवणवालीनं वळून बघितलं. घंटाबाईला वाटलं, आता ही काहीतरी टोचून बोलेल, त्या जुन्या सुईनं. ती टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. शिवणवालीनं मान फिरवली. मशीन डोक्यावर घेतलेल्या हमालामागून चालायला लागली.

ओढ्यापलीकडचं घर चांगलं होतं, वाईट कशाला म्हणा. खिडकी, मोरी, सिमेंटचा ओटा. रंगाचा वास. घंटाबाईनं देव ठेवले, दिवा लावला. सकाळी जाग आली तसा हात आपोआप उलथन्याकडे गेला आणि तिनं भिंतीवर ठोके दिले. भिंत पोकळ वाजली. ती बाहेर जाऊन बघून आली. तिचं घर आणि शेजारचं घर यांत माणूस जाईल एवढी फट होती. नवा नियम, पुन्हा भूकंप आला तर एक घर दुसऱ्यावर पडू नये म्हणून. फटीत वारा घुमत होता. शेजारची माणसं दुसऱ्या गावची, दार लावून राहणारी.

असे बरेच दिवस गेले. मुलीचा फोन आला की ती म्हणायची, "सगळं छान आहे गं, भिंती पक्क्या आहेत."

मग एका दुपारी दारात शिवणवाली उभी. ओढ्यावरचा कच्चा पूल ओलांडून आली होती, धापा टाकत होती.

"बसायला सांग की! का साहेबाची चिठ्ठी लागते?"

घंटाबाईनं घाईनं चटई पसरली, चहा टाकला. शिवणवालीनं घरभर नजर फिरवली, भिंतीवर बोट वाजवून पाहिलं. "माझीही अशीच. पलीकडे वारा राहतो. कात्री आपटून पाहिली, काहीच नाही." मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, "खरं सांग. तू मागून घेतलंस ना हे घर? आमच्यापासून सुटायला?"

"मागितलं नाही. माझा अर्ज शेवटी होता म्हणून आलं."

"शेवटी? तुझं घर तर माझ्या अलीकडे."

"मीच घातला तळाला. बदलून मिळत होतं, कुणी तयार असतं तर. त्या संध्याकाळी तेच विचारायला बोलावलं होतं तुम्हाला."

शिवणवालीनं कप खाली ठेवला. "मग विचारलं का नाहीस?"

"दुसऱ्यासाठी त्या खिडकीत माझी जीभ कात्रीसारखी चालायची. स्वतःसाठी उचललीच नाही."

"अगं घंटे," शिवणवाली म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला, "तो ट्रकवाला रोज बोंबलतो! म्हणतो, ट्रक उभा करायला जागा नाही, ओढ्यापलीकडे रस्त्याकडेला घर मिळालं असतं तर देव पावला असता. त्याला एक शब्द टाकायचा होतास!"

 घंटाबाई स्टोव्हची वात खाली-वर करत राहिली.

"आता नाही का होणार?"

"बंदी आहे. मॅडमही गेल्या. नव्या साहेबांना अजून खुर्ची मिळाली नाही म्हणतात."

दुसरा चहा झाला. शिवणवाली एकदा म्हणाली, "मीही यायला हवं होतं आधी." घंटाबाईनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते तिलाही कळलं नाही. ऊन उतरायला लागलं तसं शिवणवालीनं गुडघ्यावर हात ठेवला. अंधारात पूल धड दिसत नाही. घंटाबाई तिला पुलापर्यंत सोडायला गेली, पलीकडे पोचेपर्यंत उभी राहिली. टोकाला पोचून शिवणवालीनं वळून हात केला आणि काहीतरी ओरडली. ओढ्याच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

परत आली तर दारात शेजारची दोन-तीन माणसं ताटकळत होती, इतके दिवस दार लावून राहणारी. "बाई, तुम्हीच ना त्या, पलीकडच्या गल्लीच्या प्रमुख? इकडे नळाला पाणीच येत नाही. आमच्या ओळीला कुणी प्रमुख नाही. तुम्ही झालात तर..."

"उद्या बोलू," घंटाबाई म्हणाली. तिनं कुणाला असं परत पाठवल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. "आत्ता मला जेवायचंय."

तिनं दार लावलं. भात टाकला, शिजला तसा उतरवला, वाफ निघत होती. ताट घेतलं, स्वतःला वाढलं, सगळ्यांच्या आधी, गरम गरम. या घरात पहिली पंगतही तिची आणि शेवटचीही तिचीच. पहिला घास सावकाश चावला. तिनं पाण्याचा घोट घेतला, देवाकडे एकदा पाहिलं आणि दुसरा घास उचलला.