जुन्या मशीनवर आजचं पान

दादाला अर्धांगाचा झटका आल्यावर चौथ्या महिन्यात घरात एक टॅबलेट आला. त्यात चित्रं होती. पाण्याचा ग्लास, जेवणाचं ताट, संडास, झोपलेला माणूस. हव्या त्या चित्रावर बोट ठेवलं की आतून एक बाई बोलायची, "मला पाणी हवे आहे." माझ्या भावानं सव्वीस वर्षं नांदेडात डीटीपीचं दुकान चालवलेलं. लग्नपत्रिका, पुण्यानुमोदनाची पत्रकं, जयंतीची बॅनरं, पोरापोरींचे प्रबंध, सगळं त्याच्या बोटांतून गेलं. त्या माणसासमोर ग्लासाचं चित्र धरलं. त्यानं टॅबलेट डाव्या हातानं उचलला आणि पालथा घातला. वहिनीला रडू आलं. मला मात्र बरं वाटलं.

उजवी बाजू गेली होती आणि जीभ वळत नव्हती, पण डोकं शाबूत होतं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलेलं. घरात ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. त्याच्या खाटेशी बसून लोक त्याच्याविषयी बोलायचे, तो तिथं नसल्यासारखे. डाव्या हातानं त्यानं एकदा कागदावर लिहायचा प्रयत्न केला. ओळ वाकडीतिकडी खाली उतरत गेली, एक अक्षर धड लागेना. त्यानं कागद चुरगाळला आणि पुन्हा पेन हातात घेतलं नाही. अक्षर हाच ज्याचा धंदा, तो असलं अक्षर कुणाला दाखवणार?

मी लातूरला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. शनिवारी शाळा सुटली की अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचं आणि रविवारी संध्याकाळी परत, असं माझं चाललं होतं. अशाच एका शनिवारी कळलं की दुकानाच्या जागेचा मालक ती परत मागतोय. जागा सोडल्याचा कागद तयार होता. उजव्या हातानं सही होणार नाही म्हणून अंगठा घ्यायचं ठरलेलं.

"ताई, आता दुकानात बसणार कोन हाय?" वहिनी म्हणाली. "उगंच कशाला अडवून ठेवायचं?"

"दादाला विचारलं?"

"विचारलं की. मान हलवली त्यांनी."

मान त्यानं आडवी हलवली होती की उभी, हे मात्र तिला सांगता येईना. दमली होती बिचारी, तिचा राग धरवत नव्हता. पण अंगठा म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. आमचा बाप रेणापूरला दुसऱ्याच्या रानात राबला आणि मरेपर्यंत कागदांवर अंगठे उठवत आला. त्यात काय लिहिलंय ते त्याला कुणी सांगितलं नाही. त्याची दोन लेकरं शिकली ती याचसाठी की पुन्हा घरात शाईचा डबा येऊ नये.

दुकानातलं जुनं मशीन भंगारात द्यायला घरी आणून ओसरीत ठेवलेलं होतं. पेटीएवढा मॉनिटर, झिजून अक्षरं गेलेला कीबोर्ड, जुनी विंडोज. मी ते पुसलं, जोडलं आणि दादाला खुर्चीत बसवलं. कीबोर्डवर अक्षर एकही नव्हतं, पण त्याला त्याची गरज नव्हती. एका हातानं, एकेक कळ दाबत त्यानं टाइप केलं : "दुकान सोडायचं नाही."

मी वहिनीला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, तिनं वाचलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, हे तुम्ही टाइप केलं असंल." मालकाला फोन केला तर तोही तेच बोलला. "मॅडम, मशीनवर काय, कुनी बी टाइप करतंय."

म्हणजे माणूस आठ महिन्यांनी बोलला आणि ते बोलणं बहिणीच्या नावावर गेलं. या घरात फोनवर येईल तेच खरं. घरच्या ग्रुपवर काकाच्या बैलाचा फोटो आला तरी तिघं उत्तर देतात. दादाचं म्हणणं त्याच्या हातून तिथं जायला हवं होतं. फोनची बारीक कळ त्याच्या बोटाला लागत नव्हती आणि नव्या लॅपटॉपवरची मराठी त्याच्या बोटांच्या ओळखीची नव्हती. उरलं हेच मशीन. आणि या मशीनला आजचं इंटरनेट दारात उभं करत नाही, कारण मधल्या वर्षांत सगळ्या साइटींनी कुलपं बदलली.

शाळेत मी विचारलं तर सहकारी हसले. "मॅडम, वीस हजारात नवीन येतंय, कशाला मढं उकरून राहिल्या?" नवीन मशीन येईल हो. नवीन हात कुठून आणू?

शोधलं तेव्हा कळलं की जगात असले येडे पुष्कळ आहेत. जुन्या मशीनवर आजची पानं उघडायला त्यांनी प्रॉक्सी बनवून ठेवल्यात. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. बापाला पत्र आलं की गावातले मास्तर ते फोडून त्याला कळेल असं सांगायचे, तसं. हा मधला माणूस आजच्या एखाद्या मशीनवर बसतो, साइटीचं नवं कुलूप उघडतो, पान आणतो आणि जुन्या मशीनला पचेल असं करून देतो. दादाच्या मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप मी त्या कामाला लावला. दोन्हींच्या मध्ये एक वायर टाकली. भारी लॅपटॉप भंगारातल्या डब्याची हमाली करतोय हे बघून मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही.

पहिल्या रविवारी बातम्यांचं पान उघडलं. इंग्रजी नावं दिसली, आकडे दिसले. मराठीच्या जागी नुसते रिकामे चौकोन, ओळीच्या ओळी.

"आत्या, उघडलं की. झालं," भाची म्हणाली.

मीही झालं म्हणणार होते. दादानं टाइप केलं : "चौकोन वाचू का मी?"

मला लाज वाटली. इतकी वर्षं शाळेत मी पोरांना हेच सांगत आले होते, की इंग्रजी दिसतंय ना, मग भागवा. आता भागवायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या तऱ्हेची प्रॉक्सी सापडली. ती अख्ख्या पानाचा फोटो काढून तो जुन्या मशीनला देते. फोटोवर जिथं माऊस दाबाल तिथं मागं खऱ्या पानावर दाबलं जातं. फोटोतली मराठी फुटत नाही. पान यायला वेळ लागायचा, रंग काढून टाकले तेव्हा जरा लवकर यायला लागलं. शेवटी चित्रच त्याच्यासमोर ठेवलं मी, पण या चित्रात वाक्यं होती.

घरचा ग्रुपही दादाच्याच नंबरवरून असाच उघडला. राहिलं टाइप करणं. दादाची बोटं जुन्या फॉन्टची, ती अक्षरं तशीच पुढं गेली तर ग्रुपवर कचरा दिसला असता. कुठल्या कळीचं नवं अक्षर कोणतं, याचा तक्ता करत आम्ही सहा रविवार बसलो. मी चुकले की दादा टेबलावर बोट आपटायचा. दुकानात तो गिऱ्हाइकांना असाच धारेवर धरायचा. प्रूफ हातात द्यायचा, नवरीच्या बापाला उभ्यानं अक्षर न् अक्षर वाचायला लावायचा, आणि खाली सही झाल्याशिवाय छपाईला पाठवायचा नाही. घाईतली गिऱ्हाइकं शिव्या देत निघून जायची. तो म्हणायचा, "जाऊ द्या."

सातव्या रविवारी दुपारी मालक आला. कागद आणि शाईचा डबा घेऊनच आला. मी स्वयंपाकघरात वहिनीजवळ चहाचे कप मांडत होते, भाची मालकाला पाणी देत होती. दादा ओसरीत मशीनसमोर एकटा होता.

वहिनीचा फोन वाजला, मग भाचीचा, मग माझा. ग्रुपवर दोन ओळी होत्या.

"कागदाचं प्रूफ पाठवा. वाचल्याशिवाय अंगठा नाही."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात कपबशी होती. मग तिनं ओसरीकडं बघितलं आणि गॅस बंद केला. ती दादापाशी गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं प्रश्न विचारून उत्तराची वाट बघितली.

"तुम्हाला सगळं समजून राहिलं होतं का हो?"

फोन वाजला. "हो."

तिनं डोळे पुसले, मालकाच्या हातातून कागद घेतला, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. मालक "वैनी, ह्याची काय गरज?" म्हणत राहिला. जुन्या पडद्यावर कागद वरून खाली हळूहळू उतरला. दादा वाचत होता. आम्ही सगळे उभे होतो, कुणी बसलं नाही. चहा गार झाला.

मग तो एकेक कळ दाबू लागला.

"तिसरी ओळ. 'स्वखुशीने' हा शब्द काढा."

मालकानं भाचीच्या फोनवर वाचलं आणि हसायचा प्रयत्न केला. "दादा, तो शब्द काढल्यावर ह्या कागदाला काय अर्थ हाय? मग जागा मला परत कशी मिळायची?"

दादानं त्याच्याकडं बघितलं, पुन्हा कीबोर्डकडं वळला. तिघींचे फोन एकदम वाजले.

"माहीत आहे."