उरलेल्या गोळ्या

आमच्याकडे औषधांसाठी श्रीखंडाचा एक जुना डबा आहे. बरं वाटलं की गोळ्या बंद आणि उरलेली पट्टी डब्यात, ही माझ्या माहेरची, पुण्याची पद्धत. व्हाइटफील्डला आले तरी ती सुटली नाही. आमच्या सहा वर्षांच्या कुत्रीला लघवीचा संसर्ग झाला, तेव्हाही मी तेच केलं. गोळ्या चौदा दिवसांच्या होत्या. पाचव्या दिवशी ती बरी दिसली, मी बंद केल्या. महिन्याने पुन्हा हॉलभर थेंब थेंब सुरू झाले, तर डॉक्टरांना न विचारता डब्यातल्या तीन दिवस दिल्या. थेंब थांबले, गोळ्याही थांबवल्या. वर नवऱ्याला ऐकवलं, "एवढ्या-तेवढ्याला कशाला दवाखाना?" नसता शहाणपणा, दुसरं काय.

तिसऱ्या खेपेला लघवीतून रक्त आलं.

डॉक्टरबाई इथल्याच, कानडी, त्यामुळे आमचं बोलणं हिंदीत. "मागचा कोर्स पूर्ण केला होता ना?" त्यांनी विचारलं. मी तोंड वर करून सांगितलं, "हो, पूर्ण." नवरा कुत्रीचा पट्टा धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

बाई समजावू लागल्या. टँकरचं पाणी साठवायच्या ड्रमला आतून बुळबुळीत थर धरतो, तसा जंतूंनी मूत्राशयात थर धरलेला असू शकतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. औषधाने वरवरचे जंतू मरतात, आतले दडून राहतात. "पूर्ण कोर्स देऊनही हे झालं असेल, तर जास्त कडक इंजेक्शन सुरू करावं लागेल. किडनीला त्रास होऊ शकतो त्याने."

खोटं मी बोलले होते आणि इंजेक्शनं तिला टोचणार होती. "मॅडम, पाचच दिवस दिल्या," मी कसंबसं म्हटलं. डब्याचंही सांगितलं. लाजेने मान वर होईना. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि कागदावर लिहिलेलं खोडलं. "आधी लघवी तपासू, जंतू कुठल्या औषधाला दाद देतात ते बघू. खूप आग होत असणार बिचारीला. मुद्दाम नाही करत ती घरात."

घरी आलो. दारातच तिचे दोन थेंब सांडले. तिने माझ्याकडे पाहिलं, शेपटी पायात घातली आणि कोणी न सांगता बाल्कनीत जाऊन बसली. घाण केली म्हणून महिनाभर मी तिला तिथेच कोंडत होते. हे मात्र मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.