एकसारख्या मजकुराची पत्रे

कचेरीत त्यांना सगळे गोषवारे म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर कुठेतरी पडून होतं आणि त्याची कुणाला गरज पडत नव्हती. शेकडो पत्रांचा एका पानात गोषवारा करून देणारा माणूस म्हणून गोषवारे. त्यांनाही ते आवडायचं. नुसतं आवडायचं कसलं, शेजारच्या टेबलावरून कुणी तशी हाक मारली की ते चष्मा कपाळावर चढवून अशा थाटात वळायचे की जणू पदवीच मिळाली आहे.

त्यांच्या खोलीच्या दारावर 'लोकसहभाग कक्ष' अशी पितळी पाटी होती. पाटी रोज घासली जायची, खोली महिन्यातून एकदा झाडली जायची. आत दोन लोखंडी कपाटं, एक टेबल आणि भिंतीला लावून रचलेल्या मोडक्या खुर्च्या. लोकांनी आत येऊन त्यांच्यावर बसावं अशी सोयच नव्हती. सहभागी व्हायचं ते बाहेरून, खिडकीतून, अकरा ते एक, मधला अर्धा तास चहाचा सोडून. खिडकी इतकी खाली होती की सहभागी होणाऱ्या माणसाला कमरेत वाकावं लागायचं. ती तशी मुद्दाम केली होती असं नाही, पण ती वर घ्यावी असंही कुणाला कधी वाटलं नाही.

सरकारला नवा कायदा किंवा नियम करायचा झाला की त्याचा मसुदा आधी जाहीर करून तीस दिवस लोकांच्या हरकती आणि सूचना मागवायच्या, असा दंडक होता. दंडक अगदी काटेकोर पाळला जायचा. जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या सातव्या पानावर, हरवलेल्या माणसांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत यायची. तरीही काही चिवट माणसं ती शोधून काढत आणि पत्रं पाठवत. गोषवारे त्या पत्रांवर शिक्का मारायचे, क्रमांक टाकायचे आणि मुदत संपली की एका पानाचा गोषवारा साहेबांपुढे ठेवायचे. साहेब पानाच्या तळाशी सही करायचे. वरचं पान ते वाचत असावेत असा पुरावा बावीस वर्षांत एकदाही मिळाला नव्हता.

पत्रं वाचायची गरज गोषवाऱ्यांनाही पडत नसे. रेघांच्या कागदावर हाताने लिहिलेलं असलं की 'वैयक्तिक गाऱ्हाणे'. संघटनेच्या शिक्क्याचं असलं की 'धोरणात्मक बाब'. आणि एखाद्याने खरोखर डोकं चालवून, कलम अमुकऐवजी तमुक करा असं मुद्देसूद लिहिलं असलं, की 'मसुद्याच्या व्याप्तीबाहेर'. उत्तर मात्र सगळ्यांना एकच जायचं: आपल्या हरकतीची नोंद घेण्यात आली आहे.

"लोकांना काय कळतंय हो कायद्यातलं," असं ते चहाच्या वेळी म्हणायचे. "धड एक अर्ज लिहिता येत नाही, आणि निघाले धोरण ठरवायला."

त्यांच्या आयुष्यातला मोठा पराक्रम सात वर्षांपूर्वीचा. एका मसुद्याविरुद्ध कुणा संघटनेने आठ हजार छापील पत्रं आणून ओतली होती. शंभराहून जास्त हरकती आल्या तर जाहीर सुनावणी घेणं बंधनकारक होतं. सुनावणी म्हणजे सभागृह, माईक, आणि मुख्य म्हणजे समोर बसलेली जिवंत माणसं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हा गोषवाऱ्यांनी शांतपणे एक टिपण लिहिलं, 'एकसारख्या मजकुराची पत्रे, संख्या कितीही असो, एकच हरकत समजण्यात यावीत.' आठ हजारांचं एक झालं. टिपणाचं परिपत्रक झालं. साहेब त्यावर तीन परदेशांत भाषणं देऊन आले, लोकसहभागाचं सुलभीकरण या विषयावर. गोषवाऱ्यांना प्रशस्तिपत्रक मिळालं. ते चौकटीत घालून त्यांनी स्वतःच्या डोक्यामागे टांगलं आणि ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. धाकट्या बहिणीलाही सांगितली. ती तेव्हा पोट धरून हसली होती.

ही बहीण दवाखान्याच्या भिंतीला लागून पदपथावर टेबल मांडून इस्त्री करायची. नवरा गेल्यापासून, म्हणजे अठरा वर्षं, तीच जागा आणि तीच कोळशाची जड इस्त्री. तिच्यावर तिने घर चालवलं, मुलीला परिचारिका केलं. गोषवाऱ्यांचे सहा सदरे दर रविवारी तिच्याकडे यायचे आणि बुधवारी परत जायचे. सहाच्या सहा पांढरे, एकाच कापडाचे, एकाच शिंप्याचे. 'सरकारी माणसाने रंगात पडू नये,' हे गोषवाऱ्यांचं आणखी एक वचन. भाऊ म्हणून ती त्यांचे सदरे सगळ्यांत आधी करायची, कॉलरीला दोनदा हात फिरवून.

त्या वर्षी पदपथांच्या नियमांचा मसुदा निघाला. कलम नऊ : पदपथावर कोणत्याही प्रकारचा विस्तव बाळगण्यास मनाई. मसुदा ज्यांनी लिहिला त्यांनी कोळशाची इस्त्री बहुधा चित्रातच पाहिली असावी. गोषवाऱ्यांनी तो पाहिला, शिक्का मारला, कपाटात ठेवला. त्यात आपली बहीण बसते हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. तिला ते कळलं एका गिऱ्हाईकाच्या पँटभोवती गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रावरून.

ती रविवारी त्यांच्या घरी आली तीच मुळी तो कागद हातात नाचवत.

"दादा, हे काय रे? मी काय रस्त्यात होळी पेटवते?"

"मसुदा आहे अजून. हरकत घे."

"घेते की. आम्ही काय कोळशाला चिकटून बसलोय? विजेची इस्त्री घेऊ. पण वीज द्या ना! जोडणीचा अर्ज तीन वर्षं पडून आहे माझा. त्यांना म्हणावं, ज्याला जोडणी दिलीत त्याचा विस्तव बंद करा, आम्ही नाही म्हणणार नाही. एवढं एक वाक्य घाला त्या कलमात. जमेल का नाही?"

गोषवारे चमकले. बावीस वर्षांत इतकी सरळ सूचना त्यांच्या खिडकीत आली नव्हती. आली असली तर त्यांनी ती वाचली नव्हती. पण कौतुक करायचं सोडून त्यांच्यातला लेखनिक जागा झाला. बहिणीच्या तोंडचं ते साधं, ठसठशीत बोलणं त्यांनी कागदावर घेतलं आणि त्याचा पार भुसा केला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी विधवा स्त्री असून गेली अठरा वर्षे सदर व्यवसायावर उपजीविका करीत आहे...' दीड पान. स्वतःच्या लेखणीवर खूष होऊन त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

"तुझ्या अक्षरात उतरवून काढ. माझं नाव कुठे येता कामा नये. आणि हे बघ, यातला एक शब्दही बदलू नकोस. कचेरीची भाषा असते ती, बदललीस की वाया गेलं."

"आणि आम्ही पुष्कळ जण असलो तर बोलायला बोलावतात ना? शंभराच्या वर?"

"बोलावतात," गोषवारे हसून म्हणाले. शंभर इस्त्रीवाले एकत्र येऊन लिहितील यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चार आले तरी खूप झाले.

तिसाव्या दिवशी, एकला दहा कमी असताना, खिडकीत बहीण वाकली. घामाघूम झाली होती. तिने धोतराच्या कापडात बांधलेला गठ्ठा आत सरकवला.

"तीनशे बारा आहेत. सगळ्या शहरातले. महिनाभर दुपारच्या दुपारी फिरले."

गोषवाऱ्यांनी वरचं पत्र पाहिलं. उपरोक्त विषयास अनुसरून. खालचं पाहिलं. उपरोक्त विषयास अनुसरून. मधलंच एक ओढून काढलं. तेही तेच.

"छापील नाहीत हां, दादा," ती हळूच, पण अभिमानाने म्हणाली. "तुझी ती आठ हजारांची गोष्ट माझ्या लक्षात होती. म्हणून प्रत्येकाकडून हाताने लिहून घेतलंय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुलांनी लिहिलंय. आणि शब्द एक बदलू दिला नाही कुणाला. बोलावतील ना आता?"

या क्षणी गोषवाऱ्यांनी खरं सांगायला हवं होतं. छापील की हाताने याच्याशी परिपत्रकाला देणंघेणं नाही, मजकूर एक म्हणजे हरकत एक, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण आता सांगूनही दहा मिनिटांत काय होणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि शिक्का उचलला. असली माणसं आयुष्यभर शिक्क्याच्या आडच लपतात.

"बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना थोडी लाज वाटली, हे लिहायला हवं. गोषवाऱ्याच्या पानावर 'एकूण हरकती' या रकान्यात त्यांनी ३१२ लिहिलं. पेन्सिलीने लिहिलं. धाडस म्हणावं तर एवढंच. गठ्ठा आणि पान घेऊन ते साहेबांकडे गेले.

साहेबांनी आयुष्यात प्रथमच गठ्ठा उलगडला, कारण नियम तर छापखान्यात गेले होते आणि सुनावणी त्यांना परवडणारी नव्हती. एक पत्र, दुसरं पत्र, आणि मग ते खो खो हसत सुटले.

"अहो, हा बघा! नाव पुरुषाचं, आणि लिहितोय, मी विधवा स्त्री असून! हा पण! अहो, ह्यातले निम्मे तर पुरुष विधवा आहेत!"

गोषवारेही हसले. एक शब्दही बदलू नकोस, असं त्यांनीच सांगितलं होतं आणि त्या भल्या माणसांनी तो शब्द पाळला होता. ऐन उन्हात, गिऱ्हाईक खोळंबून ठेवून, मिशा असलेल्या माणसांनी स्वतःला विधवा लिहून घेतलं होतं, कारण कचेरीची भाषा अशीच असते असं त्यांना कुणीतरी जाणत्याने सांगितलं होतं.

"मग हे तीनशे बारा कसं? परिपत्रक तुमचंच ना, गोषवारे?"

"हो साहेब. पण ही हाताने लिहिलेली..."

"मजकूर एक की वेगळा?"

"एकच."

साहेबांनी पत्र डोळ्यांजवळ नेलं. "भाषा मोठी कचेरीतली दिसते. सविनय सादर करण्यात येते की. इस्त्रीवाल्यांना हे कुणी लिहून दिलं असेल हो? आपल्यापैकीच कुणी असेल तर चौकशी लावायला पाहिजे."

गोषवाऱ्यांच्या निवृत्तीला आठ महिने होते. बहीण शेजारच्या रस्त्यावर होती आणि चौकशी समोरच्या खुर्चीत बसली होती. त्यांनी खिशातून स्वतःचं खोडरबर काढलं, ३१२ खोडलं, फुंकर मारली आणि त्या जागी १ लिहिला. शाईने.

"वैयक्तिक गाऱ्हाणे लिहू ना साहेब?"

"लिहा काहीही," साहेब म्हणाले.

हरकत एक, म्हणून उत्तरही एकच गेलं, गठ्ठ्यातल्या पहिल्या नावाला. पहिलं नाव बहिणीचं होतं. 'एकसारख्या मजकुराच्या ३१२ पत्रांची एक हरकत म्हणून नोंद घेण्यात आली आहे.' खाली परिपत्रकाचा क्रमांक, आणि कोपऱ्यात गोषवाऱ्यांची आखूड सही. ती सही बहीण लहानपणापासून ओळखत होती, शाळेच्या वह्यांवरून.

तिने काही विचारलं नाही. भांडली नाही. गोषवाऱ्यांना हायसं वाटलं. समजूतदार आहे, ते बायकोला म्हणाले, तिला कचेरीच्या अडचणी कळतात.

पंधरा दिवसांनी नियम लागू झाले. एक गाडी आली आणि टेबल उचलून घेऊन गेली. इस्त्री तिने पदराखाली धरून ठेवली म्हणून वाचली. आता ती घरीच, तिसऱ्या मजल्यावर, जमिनीवर सतरंजी टाकून काम करायची. दवाखान्यात येणारी गिऱ्हाइकं तीन जिने चढून येणार नव्हती, आणि आलीही नाहीत.

गोषवारे आले. रविवार होता, आणि सहा सदरे मळले होते. हा माणूस सदरे घेऊन आला, यातच त्याचं सगळं चरित्र आलं. बहिणीने पिशवी घेतली, बस म्हणाली नाही.

"बुधवारी ने."

बुधवारी कचेरी सुटल्यावर ते तीन जिने चढून गेले. गठ्ठा दोरीने बांधून तयार होता. वरचा सदरा काय सुरेख झाला होता, कॉलर तर कागदासारखी. समाधानाने त्यांनी तो उचलून पाहिला. खालचे पाच जसे दिले होते तसेच होते, चुरगळलेले, बोळे झालेले.

"अगं, हे पाच राहिले."

"राहिले नाहीत." बहीण निखारे सारखे करत होती, तिने मान वर केली नाही. "सगळे सारखेच होते, दादा. एकच धरला."

आणि तिने दुसऱ्याच कुणाच्या तरी रंगीत कपड्यावर पाणी शिंपडलं.